लहान मुलाला गोचीड चावली? या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की कोकणात काजूची बोंडं पिकायला लागतात, भाजावळीसाठी (शेत भाजायला) रानातून पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा होतो आणि घरातली पोरं मोठ्यांच्या मागोमाग बागेत, राईत हिंडतात. रानातल्या बारीक गोचिडींचा हंगामही नेमका हाच. मे महिन्यात मुंबईची नातवंडं आली की त्यात भर पडते. मग कधीतरी आंघोळ घालताना मुलाच्या कानामागे काळा ठिपका दिसतो. आई मळ समजून घासते, निघत नाही, नीट बघितलं तर बारीक पाय हलताना दिसतात. पुढच्या पाच मिनिटांत घरातला जो तो आपापला उपाय सांगून मोकळा होतो. त्यातल्या बऱ्याच उपायांनी मुलाला गोचिडीपेक्षा जास्त त्रास होतो.

तेल, रॉकेल, चुना, उदबत्ती

"काय नाय गो, तेल लाव वायंच, आपसूक सुटतली," असं शेजारची काकी सांगते. तसं होत नाही. गोचीड तोंडाचा काटेरी भाग कातडीत रुतवते, शिवाय बऱ्याच जाती भोवती चिकट द्रव सोडून तो पक्का करतात. तिला श्वासही फार कमी लागतो, त्यामुळे तेलाखाली ती तासन् तास तग धरते. तेवढा वेळ ती चिकटलेलीच राहते, आणि डिवचली गेली तर लाळ जखमेत सोडण्याची भीती असते. रोगजंतू असलेच तर ते त्या लाळेतूनच येतात. रॉकेल, चुना, तंबाखूचं पाणी, नेलपॉलिश यांचंही तेच. पेटती उदबत्ती किंवा विझवलेली काडी टेकवणं तर निव्वळ वेडेपणा. मूल दचकतं, हात हलतो आणि भाजतं ते मुलाला. आधी रॉकेल चोळून मग काडी आणणारे महाभागही असतात.

याहून वाईट चूक गोठा असलेल्या घरात होते. गुरांच्या गोचिडींसाठी आणलेलं औषध 'थोडंसंच' म्हणून मुलाच्या डोक्याला लावलं जातं. त्यातली काही औषधं, उदाहरणार्थ अमित्राझ, मुलाच्या अंगात गेली तर गुंगी येते, नाडी मंदावते, श्वास कमी होतो. हे औषध मुलाला कधीच लावायचं नाही, आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरूनही ठेवायचं नाही. चुकून लागलं तर साबणाने धुवा, पोटात गेलं तर उलटी काढत बसू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

पोटाला धरून उपटणं

घाईत आपण बोटांच्या चिमटीत गोचिडीचं फुगलेलं पोट धरतो. पोट दाबलं की आतला द्रव उलटा जखमेत जाऊ शकतो, किंवा धड हातात येतं आणि तोंड आत राहतं. भुवयांचा चिमटा घ्या, टोक जितकं बारीक तितकं बरं. मुलाला मांडीवर घ्या, दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च धरायला सांगा. हातात कार्टून द्यायला हरकत नाही, एरवी कितीही बोललात तरी. केस ओल्या कंगव्याने बाजूला करा. चिमट्याची टोकं कातडीला टेकवून गोचीड अगदी बुडाशी धरा आणि सरळ वर, सावकाश, एकसारखी ओढा. कातडी थोडी वर उचलली जाते, तशीच धरून ठेवा, काही क्षणांत पकड सुटते. झटका द्यायचा नाही, पिरगळायचं नाही. चिमटा नसेल तर बोटांना प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तसंच बुडाशी धरा, पण चिमटा आणायला रात्रभर थांबू नका. गोचीड जितका जास्त वेळ रक्त पीत राहील तितका धोका वाढतो. पापणीवर किंवा कानाच्या आत असेल तर मात्र हात न लावता डॉक्टरकडे जा.

तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुई, सेफ्टी पिन घेऊन उकरू नका. सहज निघाला तर ठीक, नाहीतर कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. उकरल्याने फक्त पू होतो. जागा आणि हात साबणाने धुवा, स्पिरिट किंवा आयोडीन लावा. तिथे चार-आठ दिवस बारीक गाठ राहते, खाजतं, तेवढ्याने घाबरू नये.

काढलेली गोचीड नखावर चिरडायची हौस बऱ्याच जणांना असते. ती सेलोटेपवर चिकटवा. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला 'गोचीड' एवढं लिहून ठेवा. हे का, ते पुढे येतंच आहे.

एक सापडली की शोध थांबतो, हीही चूकच. टाळू, कानामागे, मान, काखा, बेंबी, जांघा, गुडघ्यामागची घडी, चड्डीच्या इलॅस्टिकखाली, सगळीकडे बघा. रानातल्या गोचिडीचं पिल्लू तिळाहून लहान असतं, म्हणून बघण्याबरोबर बोटंही फिरवा.

ताप येतो तेव्हा गोचीड विसरलेली असते

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. गोचीड काढून झाली, मूल खेळायला लागलं, सुट्टी संपली, सगळे मुंबईला परतले. आठ-दहा दिवसांनी ताप येतो. तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात डेंग्यू, मलेरिया येणार, रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात असाल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). गावाला गेलो होतो, गोचीड चावली होती, हे आई-बाबा सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते प्रकरण मिटलेलं असतं.

माकडताप हा गोचिडीतून येणारा एक आजार. त्याचा विषाणू 1957 साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला. 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले, पुढे सावंतवाडी-बांद्याकडेही. गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम कडक ताप, प्रचंड डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या, लाल डोळे. काहींना हिरड्या-नाकातून रक्त. काहींचा ताप उतरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो, तेव्हा मेंदूला त्रास होऊ शकतो. माणसाकडून माणसाला तो पसरत नाही. दुसरा आजार गोचीडताप. तो जिवाणूंचा, कुत्र्यांवरच्या गोचिडींतूनही येणारा. त्यात अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ येतं. पावसाळ्यानंतर स्क्रब टायफसही दिसतो. तो गवतातल्या बारीक किड्यांमुळे होतो आणि चावल्या जागी बऱ्याचदा काळी खपली धरते.

म्हणून गोचीड काढल्यापासून तीन आठवडे लक्ष ठेवा. या काळात ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पहिलं वाक्य "अमुक तारखेला अमुक गावात गोचीड चावली होती" हे असू द्या. मूल गुंगीत असेल, आकडीचा झटका आला असेल, चालताना पाय लटपटत असतील, लघवी कमी झाली असेल किंवा कुठून रक्त येत असेल तर वाट न बघता 108 ला फोन करा. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड किंवा ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नका. डेंग्यूत आणि माकडतापात या औषधांनी रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो.

याची दुसरी बाजू म्हणजे चावल्याबरोबर 'खबरदारी म्हणून' अँटिबायोटिक मागणं. बहुतेक चाव्यांतून काहीच होत नाही, आणि माकडताप विषाणूचा असल्याने अँटिबायोटिक त्याला लागूही पडत नाही. इंटरनेटवर वाचून लाल गोल चकत्याची वाट बघणारेही भेटतात. ती खूण लाइम या आजाराची, आणि तो मुख्यतः अमेरिका-युरोपातला. याउलट गोचीडतापाचा किंवा स्क्रब टायफसचा संशय घेऊन डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं तर 'दात पिवळे होतील' म्हणून ते लपवून ठेवू नका. या आजारांत लहान मुलांनाही तेच पहिल्या पसंतीचं औषध आहे, आणि थोड्या दिवसांच्या डोसने दातांवर डाग पडत नाहीत.

पुन्हा चावू नये म्हणून

काजू वेचताना मुलाला पातेऱ्यात बसकण मारू देऊ नका. पूर्ण बाह्या, लांब पॅन्ट, पॅन्टची टोकं मोज्यांत. फिकट कपडे घातले तर गोचीड पटकन दिसते. डीट (किड्यांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावायचं तर दोन महिन्यांखालच्या बाळाला नाही, मोठ्या मुलांनाही हाताच्या पंजांवर आणि चेहऱ्यावर नाही. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि मूल मोरीत. कुत्र्याच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत दर आठवड्याला बघा. रानात मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर जवळ जाऊ नका, पोरांनाही जाऊ देऊ नका. मेलेल्या माकडावरून उतरलेल्या गोचिडी आसपासच पडलेल्या असतात. वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.