क्रॉसबोसाठी ब्रॉडहेड निवडताना या चुका टाळा

फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) लावला की 30 यार्डांवर तिन्ही बाण एकमेकांना खेटून बसतात. त्याच वजनाचं ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) लावलं की बाण चार बोटं बाजूला जातो. अशा वेळी हात लगेच स्कोपच्या स्क्रूकडे जातो, आणि पहिली चूक इथेच होते.

ब्रॉडहेडची पाती हवेत छोट्या पंखांचं काम करतात. बाण किंचित तिरका सुटला, तरी पुढची पाती त्याला आणखी वळवतात आणि मागची पिसं त्याला सरळ करू पाहतात. क्रॉसबोचा बोल्ट, म्हणजे त्याचा बाण, आखूड असतो, वेग सेकंदाला 350-400 फुटांच्या घरात असतो. त्यामुळे फील्ड पॉइंटने झाकलेला दोष ब्रॉडहेड उघडा पाडतं.

म्हणून आधी बोल्ट दोन आधारांवर ठेवून फिरवा आणि टोकाकडे नीट बघा. टोक थरथरत असेल तर तेच ब्रॉडहेड दुसऱ्या बोल्टवर लावा. थरथर त्याच्याबरोबर गेली तर ब्रॉडहेड वाकडं आहे. पहिल्याच बोल्टवर राहिली तर इन्सर्ट (टोक ज्यात फिरवून बसवतात तो भाग) तिरका बसलाय किंवा शाफ्ट (बाणाची दांडी) वाकलाय. माझ्या मते महागडं ब्रॉडहेड घेण्याआधी प्रत्येकाने ही पाच मिनिटं द्यावीत, कारण दोष बोल्टमध्ये असेल तर नवं ब्रॉडहेडही तसंच भरकटेल.

सगळे बोल्ट सरळ फिरतात, बाण एकत्र बसतात, फक्त जागा सरकली आहे? मग खुशाल स्कोप ब्रॉडहेडप्रमाणे लावून घ्या. बाण विखुरत असतील तर मात्र स्कोपला हात लावू नका, त्याचा इथे काही दोष नाही.

वजनाकडेही दुर्लक्ष होतं. टोकाच्या वजनात 100 आणि 125 ग्रेनमधला फरक जेमतेम 1.6 ग्रॅमचा, पण लांबच्या अंतरावर बाण खाली बसतो. सराव 100 चा आणि शिकारीला 125, असं करू नका. वेगवान क्रॉसबोवर मी 125 कडे झुकतो, कारण पुढे वजन असलं की बाण जास्त स्थिर उडतो. वेगाच्या हव्यासापायी उलट दिशेने जाणं धोक्याचं आहे. बोल्ट आणि टोक मिळून होणारं वजन धनुष्याच्या उत्पादकाने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा कमी झालं, तर दोरी आणि लिंब्सवर (धनुष्याच्या भुजांवर) बाण न लावता चाप ओढल्यासारखा ताण येतो.

मेकॅनिकल, म्हणजे लागल्यावर उघडणारी पाती, अनेकांना आवडतात. ती बहुधा फील्ड पॉइंटच्या जवळपास बसतात. पण चांगल्या बाणांमधून एखादाच भलतीकडे गेला, तर पातं वाटेतच उघडल्याची शंका घ्या. पाती मिटून धरणारी ओ-रिंग चिरली आहे का, कॉलर सैल झाली आहे का, ते पाहा. क्रॉसबोसाठीच बनवलेलं मॉडेल घ्या, त्यात पाती धरून ठेवण्याची पकड घट्ट असते. आणि दोन इंचांच्या रुंद कापाच्या मोहात पडू नका. पाती उघडायला आणि रुंद जखम करायला ताकद खर्च होते, तेवढा बाण कमी आत शिरतो. एक ते सव्वा इंचाचं स्थिर पात्यांचं ब्रॉडहेड मला जास्त भरवशाचं वाटतं. काही ठिकाणी मेकॅनिकलला बंदी असते किंवा कापाची किमान रुंदी ठरलेली असते, तेव्हा विकत घेण्याआधी नियम वाचा.

पाती रेलच्या (बाण ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या) पुढच्या टोकाला घासत नाहीत ना, हेही तपासा. शिफारशीपेक्षा आखूड बोल्टवर हा त्रास होतो. रेलवर ताजा ओरखडा दिसला की बाण का भरकटतो ते कळतं.

शेवटची गोष्ट धारेची, आणि ती मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटते. सरावात फोममध्ये मारलेलं ब्रॉडहेड तसंच शिकारीला नेलं जातं. बोथट पातं रक्तवाहिनी कापण्याऐवजी बाजूला ढकलतं आणि जनावर जखमी होऊन तडफडत राहतं. सरावासाठी एक ब्रॉडहेड वेगळं खूण करून ठेवा. बाकीच्यांची धार ताणलेल्या रबर बँडवर पाहा: हलक्या स्पर्शाने तुटला तरच ते ब्रॉडहेड शिकारीच्या डब्यात जाईल, नाहीतर पाती बदला. बसवताना आणि काढताना पाना वापरा, बोटं नकोत.