जुन्या वाड्याच्या सागवानाचं डायनिंग टेबल: या चुका टाळा

‘शंभर वर्षं वाळलंय, आता हे लाकूड हलणार नाही.’ वखारीत हे हमखास ऐकवलं जातं आणि टेबल बिघडायला तिथूनच सुरुवात होते. लाकूड कितीही जुनं असो, हवेतला ओलावा ते घेतं आणि सोडतं. मे महिन्यात ८-९ टक्के ओलावा असलेली फळी ऑगस्टात सहज १३-१४ टक्क्यांवर जाते. ओलावा १ टक्का बदलला की सागाची फळी रुंदीत साधारण ०.२ टक्के फुगते किंवा आटते. म्हणजे ३ फूट रुंदीचा टॉप वर्षभरात ८-९ मिलिमीटर हलणार. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही.

आता सुतार काय करतो? टॉप खालच्या फ्रेमला चारही बाजूंनी फेविकॉल लावून, स्क्रू आवळून पक्का करतो. मेमध्ये केलेलं टेबल पावसाळ्यात मधून फुगतं किंवा फ्रेमचे जोड उघडतं. जुलैत केलेलं मार्चमध्ये फाटतं, आणि फाटतं तेही मधोमध. त्यामुळे टॉपला खालून चिकटवू नका. मधली स्क्रूची ओळ घट्ट ठेवा. कडेच्या स्क्रूंसाठी एल-पट्टीत रुंदीच्या दिशेने १०-१२ मिलिमीटर लांबीची खाच घ्या आणि वॉशर लावून स्क्रू हलक्या हाताने आवळा. फळ्या जोडण्याआधी दोन-तीन आठवडे घरातच, मध्ये पट्ट्या ठेवून रचा. मॉइश्चर मीटरवर सगळ्या फळ्या १०-१२ टक्क्यांच्या आसपास आल्या की काम सुरू करा.

टॉप वाटीसारखा वाकला, तर पॉलिश फक्त वरच्या बाजूला मारलंय का ते पाहा. खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्यावे लागतात. खालून कोण बघतंय, म्हणून नेमकं तेच वाचवलं जातं.

खिळ्यांचं दुखणं वेगळं. तुळयांमध्ये घडीव लोखंडी खिळे मोडून आत राहिलेले असतात. नुसता लोहचुंबक फिरवू नका. खोलवरचा खिळा त्याला कळत नाही, पितळेचा तर कळतच नाही. हातातला मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवा आणि सापडेल तिथे खडूने खूण करा. रंध्याच्या मशीनच्या पात्याला एक कपची उडाली, की पुढच्या प्रत्येक फळीवर तीच उभी रेघ उठते. खिळ्याभोवतीचा काळा डाग ही लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनची करामत. नको असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडने फिका करून पाण्याने नीट धुवा, हातमोजे हवेतच. ठेवला तरी बिघडत नाही, उलट शोभतो.

हिशेबातही लोक फसतात. ६ बाय ३ फूट, दीड इंच जाडीचा टॉप, ३ इंची चौकोनी पाय आणि ४ इंची फ्रेम यांना निव्वळ सव्वातीन घनफूट लाकूड लागतं. पण भोकं, तडे, कुजलेली टोकं यात एक तृतीयांशाहून जास्त जातं, म्हणून ५ घनफूट घ्या. कडेचा पिवळट-पांढरा भाग काढून टाका, किडा तिथेच शिरतो. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही. भोकातून ताजी, पिठासारखी भुकटी गळत असेल, तर ती फळी घरात आणू नका.

जुन्या दाराचा ऑइल पेंट सँडरने घासणं टाळा. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. पृष्ठभाग ओला करून खरवडा, मास्क लावा, आणि जेवणाच्या टॉपवर त्यातला कणही ठेवू नका.

जोड सुटत असतील, तर चूक बहुधा गोंदाची नसते. साग तेलकट असतो. रंधा मारल्यावर कडा ॲसिटोनने पुसा आणि त्याच दिवशी चिकटवा.

भेगा पारदर्शक इपॉक्सीने भरा, नाहीतर आमटी, शितं त्यात अडकतील. कुकर मात्र कुठल्याही पॉलिशवर थेट ठेवायचा नाही.