चिठ्ठी दिली म्हणजे काम झालं नाही: खान्देशात बालसेवा जोडताना या चुका टाळा

समन्वय म्हटलं की आपल्याकडे आधी बॅनर छापायला जातो. मग पंचायत समितीच्या सभागृहात बैठक, हजेरीपट, चहा, ग्रुप फोटो आणि इतिवृत्तात ते ठरलेलं वाक्य: "सर्व विभागांनी समन्वयाने काम करावे." धुळे, नंदुरबार, जळगाव, तिन्हीकडची इतिवृत्तं मी वाचलीत. तारीख तेवढी बदलते.

खरं तर एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे अंगणवाडीची योजना, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासूनच तिच्या सहा सेवांपैकी तीन, म्हणजे लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (आजारी पोराला वरच्या दवाखान्यात पाठवणं), आरोग्य खात्याच्या हातून होतात. अंगणवाडीनं एकटीनं सगळं करावं असं कधी ठरलंच नव्हतं. तरी नवी मंडळी आली की पहिल्या महिन्यात डॅशबोर्ड सुचवतात. पोर नेमकं कोणत्या दारात अडकलंय, हे विचारायला कुणाला सवड नसते.

त्याच त्याच चुका पाहून कंटाळा आलाय, म्हणून लिहिते. क्रम महत्त्वाचा मानू नका. ज्या चुकांचा राग जास्त, त्यांच्यावर जास्त लिहिलंय.

"पाठवलंय मॅडम"

या दोन शब्दांइतकं नुकसान दुसऱ्या कशानं होत नाही. साक्री तालुक्यातल्या एका वस्तीवरचं सांगते. सव्वा वर्षाचा मुलगा, दंडघेर (दंडाचा घेर) ११ सेंटिमीटर, म्हणजे तीव्र कुपोषण, दोन्ही पावलांवर सूज. सेविकाताईंनी अंगठा दाबून खड्डा पडतोय हे बरोबर पाहिलं आणि पोषण पुनर्वसन केंद्राची, म्हणजे तीव्र कुपोषित पोरांना भरती करतात त्या जिल्ह्याच्या केंद्राची, चिठ्ठी दिली. इथवर शंभर पैकी शंभर. ताईंनी आशाताईंना सांगितलं, आशाताईंनी उपकेंद्रातल्या नर्सला, म्हणजे सिस्टरना. तिघींनी आपापल्या रजिस्टरात "संदर्भित" लिहिलं. आढाव्यात तो एकच पोरगा तीन ठिकाणी मोजला गेला आणि कौतुकही झालं. पोरगा मात्र झोपडीतच, खाटेवर.

आई गेलीच नव्हती असंही नाही. सकाळच्या एसटीनं जिल्ह्याला गेली, केसपेपरच्या रांगेत उभी राहिली. तिचा नंबर लागेपर्यंत बालरोगाची ओपीडी उठली होती. कुणीतरी पुढं धाडलं तेव्हा तिथं कळलं की १४ दिवस राहायचंय. हे तिला गावात कुणी बोललंच नव्हतं. जवळ पिशवीत एक फडकं, परतीच्या भाड्यापुरते पैसे. संध्याकाळच्या गाडीनं घरी. कागदावर काय लागलं? "मातेचा भरतीस नकार."

घरी गेल्यावर तिनं एकच विचारलं, "चौदा दिन तठे ऱ्हासू, ते मन्ह्या बकऱ्या कोन सांभाळी?"

हा प्रश्न चिठ्ठी लिहिण्याआधी विचारायचा असतो. बकऱ्या, मोठी पोरगी, नवऱ्याची भाकर, रेशन उचलायची तारीख. यातलं काय अडणार आणि ते कोण बघणार, एवढं ठरलं की निम्मं काम झालं. त्या घरात सासू लेकीकडे गेली होती, तिला बोलावून घेतलं. बकऱ्या शेजारणीनं घेतल्या. चार वर्षांची बहीण अंगणवाडीत गरम जेवायला येत होतीच, तिला घरून आणायची जबाबदारी मदतनीसबाईंनी घेतली. मग आशाताई स्वतः सोबत गेल्या, थेट खाटेपर्यंत.

माझी सवय अशी: आदल्या दिवशी केंद्रातल्या आहारतज्ज्ञांना फोन करून खाट रिकामी आहे का विचारायचं, आईचं नाव सांगून ठेवायचं, आणि पिशवी आपल्यासमोर भरून घ्यायची. दोन लुगडी, पोराचे कपडे, चादर, ताट-पेला, आधार, पासबुक, माता-बाल संरक्षण कार्ड, मोबाईलचा चार्जर. चार्जर विसरला तर तिसऱ्या दिवशी घरच्यांचा संपर्क तुटतो आणि चौथ्या दिवशी नवरा न्यायला येतो. आईला तिथं जेवण मिळतं आणि बुडीत मजुरी मिळते, हेही आधीच सांगा, आणि नवऱ्यासमोर सांगा.

आणखी एक. सुजेचं पोर बरं होऊ लागलं की अंगातलं पाणी उतरतं आणि वजन आधी कमी दिसतं. हे घरच्यांना आधी सांगितलं नाही तर काय होतं? या पोराच्या आजीनं रान उठवलं होतं. "दवाखान्यात नेऊन पोर वाळवलं." ती समजूत काढायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात आणखी दोन घरं झाली असती.

हेही लक्षात ठेवा की दंडघेर साडेअकराच्या खाली गेला म्हणून प्रत्येक पोराला जिल्ह्याला धाडायचं नसतं. भूक चाचणीत (समोर खायला देऊन भूक आहे का पाहतात) खाल्लं, ताप-जुलाब-सूज काही नसेल, तर गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात, म्हणजे अंगणवाडीतच जादा आहार देतात तिथं, जमतं. सगळ्यांनाच पाठवलं की खाटा भरतात, आणि ज्याला खरी गरज आहे ते परत येतं. सूज असेल तर मात्र वजनकाट्याशी वाद घालत बसू नका, थेट न्या.

स्थलांतर म्हणजे "नाव कमी"

दिवाळी झाली की सातपुड्याच्या पट्ट्यातून, नवापूर-साक्रीकडून, कोयते गुजरातेत निघतात. बारडोली, सुरतच्या बाजूला ऊसतोडणी. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं सोबत. पडावावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तळावर, प्लास्टिकची झोपडी. होळीला बरेचजण घरी येतात, भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासी बाजार) करतात. हे कॅलेंडर इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. पण नोव्हेंबरात गावात फेरी मारून "लाभार्थी आढळून आले नाहीत" असं लिहिणारे दरवर्षी भेटतात.

नाव कमी करणं सोपं असतं, कारण त्यानं टक्केवारी सुधारते. कमी वजनाची पोरं यादीतूनच गेली की कुपोषणही "घटतं". पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या अ‍ॅपवर, स्थलांतराची सोय आहे, ती वापरा. शिधापत्रिकेचंही तसंच. महाराष्ट्र-गुजरात ही जोडी रेशन पोर्टेबिलिटीच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगात, ऑगस्ट २०१९ मध्येच होती. म्हणजे आपल्या माणसाला तिकडच्या दुकानात धान्य उचलता येतं, आणि मागे म्हातारी राहिली असेल तर तिला इकडं तिचा वाटा उचलता येतो. पण जायच्या आधी आधार शिधापत्रिकेला जोडलेलं आहे का, हे कोण बघणार? मजूर नेणारा मुकादम बघणार नाही. त्याचं लक्ष उचलीवर, आगाऊ दिलेल्या पैशांवर.

सगळ्यात वाईट घोळ जन्मनोंदीचा होतो. जन्माची नोंद जिथं बाळ जन्मलं तिथं होते, आई-बापाचं गाव कोणतं याच्याशी संबंध नाही. २१ दिवसांत कळवलं तर फी लागत नाही. पडावावर गेलेली बाई तिकडच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली तर दाखला तिकडचा, आणि तो मिळायला हवा निघायच्या आधी.

एका गावात काय झालं ऐका. मुलगी तिकडं जन्मली, कुटुंब पाडव्याच्या सुमारास परतलं. लेक लाडकी या राज्याच्या योजनेचा अर्ज भरायचा होता. १ एप्रिल २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलीला, घरात पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर, जन्मावर ५ हजार आणि पुढं टप्प्याटप्प्यानं १८ व्या वर्षापर्यंत एकूण १ लाख १ हजार. दाखला नव्हता. एका संस्थेचा उत्साही कार्यकर्ता म्हणाला, "काही नाही, इथंच घरी बाळंतपण झालं असं लिहून घेऊ." गावात वजन होतं त्याचं. नोंद झाली, दाखला निघाला, फोटोही निघाला.

मग छाननीत आईचं माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. त्यावर गुजरातच्या दवाखान्याचा शिक्का, वेगळी तारीख, बाळाचं तिकडंच नोंदलेलं वजन. एका पोरीचे दोन जन्म. अर्ज परत आला, आधार अडलं, आणि चुकीची नोंद रद्द करून घ्यायला त्या बापाला तहसीलचे खेटे मारावे लागले. मजुरी कुणाची बुडाली? कार्यकर्त्याची फेलोशिप तोवर संपली होती.

शॉर्टकट घेणाऱ्याला त्याची किंमत कधी द्यावी लागत नाही, म्हणून तर तो घेतो. उशीर झालाच असेल तर उशिराच्या नोंदीची रीतसर वाट आहे. ती लांब आहे, पण ती एकदाच चालावी लागते.

दिवाळीआधी मी प्रत्येक गरोदर बाईच्या घरी एक कागद देते. त्यावर कारखान्याचं नाव, पडावाजवळचं मोठं गाव, मुकादमाचा मोबाईल, आणि बाळंतपणाची अंदाजे तारीख. कार्डाचे, आधारचे, रेशनकार्डाचे फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये आणि एक प्रत सेविकाताईंकडे. मुकादमाशी गोडीनं बोलायचं. त्याला शिव्या देणं सोपं आहे, पण रात्री दोन वाजता जीप त्याचीच असते.

खातं "लिंक" आहे म्हणून पैसे येतील

येतील, पण कुठं? आधारवर आधारित पैसे ज्या खात्याला आधारची जोडणी शेवटी झाली, त्या खात्यात पडतात. अर्जावर तुम्ही कोणता खाते नंबर लिहिला याला तिथं अर्थ नसतो. आश्रमशाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं, माहेरच्या गावच्या बँकेतलं खातं, २०२४ मध्ये लाडकी बहीणच्या गर्दीत उघडलेलं पोस्टाचं खातं. बाई तीन खात्यांची मालकीण असते आणि पासबुक एकच सापडतं. मातृवंदना योजनेचे, बाळंतपणासाठीचे ५ हजार "आले नाहीत" म्हणून ती वर्षभर सेविकेशी भांडते, आणि ते पोस्टाच्या खात्यात पडून असतात.

अर्ज भरण्याआधी माय आधार संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहा. बाईच्या मोबाईलवर ओटीपी आला की लगेच दिसतं. मोबाईल नंबर जुना असेल तर आधी तो बदला, मग बाकीचं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. एवढ्या वर्षांनी आपल्याच भागात हा घोळ चालावा, याची मला लाज वाटते.

बाकीच्या, थोडक्यात

बाजाराच्या दिवशी मेळावा ठेवू नका. गर्दी होईल, पण ऐकायला कुणी थांबणार नाही.

मदतनीसबाईंना बैठकीला न बोलावणं. कोणत्या पाड्यावर कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा नवरा पितो, कोणतं पोर दोन दिवस आलं नाही, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. आणि आपण त्यांना चहा करायला सांगतो.

एकाच घराकडून पाच जणांनी पाच वेळा झेरॉक्स मागणं. धडगावच्या पाड्यावरून झेरॉक्सला खाली उतरणं म्हणजे एक रोज बुडाला. एक संच गावात ठेवा.

बाप वारलेल्या घरी फक्त पोराचं वजन करून निघून येणं. त्या पोराला बालसंगोपन योजनेतून महिना २२५० रुपये मिळू शकतात, आईला संजय गांधी निराधारमधून १५००. पहिला अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे, दुसरा तहसीलला. दोन दारं आहेत. एकाच दारात दोन्ही कागद दिले तर दोन्ही हरवतात, हे पाहून झालंय.

पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या आईला छापील मराठीत "पूरक आहार" समजावणं. भाषा येत नसेल तर येणाऱ्या बाईला सोबत घ्या आणि स्वतः गप्प बसा. दादरची (इकडच्या ज्वारीची) भाकर दाळीत कुस्करून, वरून तेल सोडून दाखवा. पत्रकापेक्षा ते लवकर कळतं.

सतत फिकट दिसणारं, सांधे दुखतात म्हणून रडणारं पोर नुसतं "रक्त कमी" म्हणून लोहाच्या बाटलीवर सोडून देणं. आपल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. चाचणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्या दिवशी ते पोर शेतावर जाणार नाही एवढं बघा.

अधिकाऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढून त्यावर पोराचा फोटो टाकणं. कृपा करून नको. एका सिस्टरना एक फोन, आणि दुसऱ्या दिवशी "पोहोचले का?" असा दुसरा फोन.

आणि ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवसाची, म्हणजे अंगणवाडीतल्या लसीकरण-तपासणीच्या दिवसाची, तारीख. सिस्टर रजेवर गेल्या की तो परस्पर पुढं ढकलला जातो आणि पाड्यावरच्या बाया डोक्यावर ऊन घेऊन अंगणवाडीपर्यंत येऊन परत जातात. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा त्या येत नाहीत, मग आपण "जनजागृतीचा अभाव" असं लिहितो. आदल्या संध्याकाळी उपकेंद्राला फोन करा. सिस्टर नसतील तर शेजारच्या उपकेंद्राच्या येतील का ते तेव्हाच विचारा. कुणीच येणार नसेल तर त्याच रात्री पाड्यावर निरोप गेला पाहिजे.