ड्रॉइंगमधला फॉन्ट आणि तापलेलं टर्मिनल: या चुका टाळा

शिरोलीच्या एका फाउंड्रीत आमचं विजेचं पॅनेल बसवलं आणि महिन्याभरात फोन आला, "साहेब, इनकमरजवळ जळल्यागत वास येतोय." इनकमर म्हणजे पॅनेलमध्ये मुख्य सप्लाय घेणारा ब्रेकर. पॅनेलचं दार उघडलं तर आर फेजच्या (तीनपैकी एका फेजच्या) लगवरची, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावरची, लाल स्लीव्ह कॉफीच्या रंगाची होऊन आक्रसली होती. अ‍ॅल्युमिनियमची केबल साध्या लगनं थेट तांब्याच्या पट्टीवर आवळलेली. ड्रॉइंगवर तर मी मराठीत लिहिलं होतं, 'इथे बायमेटॅलिक लगच वापरा', म्हणजे अॅल्युमिनियम आणि तांबं दोन्ही असलेला लग. वायरमनच्या हातातला प्रिंट बघितला, तर त्या ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंसांचा काला. चूक माझी होती, त्याची नव्हे.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या पोटात इंग्रजीचाच कोड असतो. समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की पोटातलं बाहेर येतं. म्हणून ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टीप युनिकोडमध्येच (जिथे मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो) लिहा आणि टेक्स्ट स्टाईलला मंगल किंवा निर्मला यूआय द्या. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टवर मराठी टाकलं की बहुधा प्रश्नचिन्हंच दिसतात. फाईल उघडताना 'एसएचएक्स फाईल सापडत नाही' असा संदेश आला की आपण घाईत 'इग्नोर' दाबतो. मग ऑटोकॅड दुसराच फॉन्ट लावतं, अक्षरांची रुंदी बदलते, टीप टेबलच्या चौकटीबाहेर जाते आणि खास चिन्हं उडतात. फाईल बाहेर पाठवताना ई-ट्रान्समिट (ड्रॉइंगला लागणाऱ्या फाईली एकत्र बांधणारी ऑटोकॅडची कमांड) वापरा, त्यात फॉन्ट सोबत घेण्याच्या खुणेवर टिक आहे का बघा, आणि वायरमनला पीडीएफच द्या. तो प्रिंट आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून वाचा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता तापण्याचं. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर लगेच चढतो, तांब्याशी जोडलं की ओलाव्यात गंजही धरतो. सांध्याचा रोध वाढतो आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. लोड दुप्पट झाला तर त्याच सांध्यात चौपट. तापलं की सांधा सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. घट्ट म्हणजे पाना फिरेल तितका नव्हे. ब्रेकरवर छापलेल्या टॉर्कनंच, म्हणजे तेवढ्याच पिळाच्या जोरानं, आवळा. जास्त आवळलं तर मऊ अ‍ॅल्युमिनियम दबून पुन्हा सैल पडतं.

सगळ्यात धोक्याची चूक वेगळीच. १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की सप्लाय तोडणारा स्विच) सारखा ट्रिप होतो म्हणून ३२ चा बसवतात आणि वायर तीच २.५ चौरस मिलिमीटरची. आता वायर जळेल, एमसीबी गप्प बसेल. उद्यमनगरात हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

पॅनेलच्या पंख्याचं फिल्टर वाळूच्या धुळीनं बुजलेलं असतं, ते दर आठवड्याला झटका. थर्मल गननं (दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्रानं) चकचकीत पट्टीचं तापमान घेऊ नका, आकडा खूप कमी येतो. सप्लाय बंद असताना पट्टीवर काळी टेप लावून ठेवा आणि लोडवर माप त्या टेपवर, दुरूनच घ्या. तिन्ही फेज शेजारी शेजारी मोजा. एकच फेज बाकीच्यांपेक्षा बरीच गरम आणि करंट मात्र तिन्हींत सारखा, तर सांधाच बघायचा. सप्लाय बंद करून, कुलूप लावून, मीटरनं खात्री करून मगच हात घाला.

त्या फाउंड्रीत लग बदलून, पट्टी घासून लोड दिला. तासाभरानं तिन्ही फेज जवळपास सारख्या आल्या. त्याच रात्री मी जुनी सगळी ड्रॉइंगं उघडून टिपा युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करायला बसलो.