एकाच कारखान्याचा नफा मार्जिनल आणि अॅब्सॉर्प्शन कॉस्टिंगने कसा ताडून पाहावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एखादी लहान फाउंड्री, म्हणजे धातू ओतून भाग बनवणारा कारखाना, डोळ्यांसमोर आणा. महिनाअखेरीस तिच्या आवारात जे कास्टिंग (ओतीव भाग) न विकता पडून राहते, त्याची किंमत कशी धरायची, या एकाच प्रश्नावर खर्च मोजण्याच्या मार्जिनल आणि अॅब्सॉर्प्शन या दोन पद्धती वेगळ्या होतात. मार्जिनल पद्धतीत मालावर केवळ बदलता, म्हणजे उत्पादनाबरोबर कमीजास्त होणारा, उत्पादन खर्च चढतो आणि कारखान्याचा स्थिर खर्च त्या त्या महिन्याच्या नफ्यातून सरळ वजा होतो. अॅब्सॉर्प्शन पद्धतीत स्थिर उत्पादन खर्चाचा वाटाही प्रत्येक नगावर चढतो आणि न विकलेल्या नगांबरोबर पुढच्या महिन्यात सरकतो.

पहिले काम खर्चाच्या विभागणीचे. तेथे घाई केली, तर पुढचे सारे आकडे फसवे निघतात. भंगार, पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि नगावर दिली जाणारी मोल्डरची, म्हणजे साचे बनवणाऱ्याची, मजुरी बदलत्या खर्चात धरावी. वीजबिल मात्र फोडावे लागते: इंडक्शन भट्टीने ओढलेल्या युनिटांचा आकार उत्पादनाबरोबर कमीजास्त होतो, पण डिमांड चार्ज, म्हणजे वीजमागणीवरचा मासिक आकार, भट्टी कमी चालली तरी बऱ्याच अंशी भरावाच लागतो. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत मजुरी सरसकट बदलती मानतात. मासिक पगारावरील कायम कामगारांच्या बाबतीत ते मला पटत नाही, कारण उत्पादन घटले म्हणून त्यांचा पगार घटत नाही. विक्रीचा आणि कार्यालयाचा खर्च दोन्ही पद्धतींत मालाच्या किमतीबाहेरच राहतो.

आता गणित मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. विक्रीचा दर नगाला 500 रुपये, बदलता खर्च 320 रुपये, महिन्याचा स्थिर उत्पादन खर्च 8,00,000 रुपये आणि कार्यालयाचा स्थिर खर्च 3,00,000 रुपये. सामान्य क्षमता, म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत महिन्याला सरासरी होणारे उत्पादन, 10,000 नगांची असल्याने स्थिर खर्चाचा दर नगाला 80 रुपये येतो. एप्रिलच्या सुरुवातीला शिल्लक माल नाही. त्या महिन्यात 10,000 नग बनले आणि 8,000 विकले गेले. मार्जिनल पद्धतीने नगाला 180 रुपयांच्या अंशदानावर (विक्री दर वजा बदलता खर्च) 14,40,000 रुपये मिळतात आणि दोन्ही स्थिर खर्च वजा जाता नफा 3,40,000 रुपये उरतो. अॅब्सॉर्प्शन पद्धतीने नगाचा खर्च 400 रुपये होतो आणि नफा 5,00,000 रुपये दिसतो. फरक 1,60,000 रुपयांचा, म्हणजे शिल्लक 2,000 नगांवर बसलेले प्रत्येकी 80 रुपये.

मे महिन्यात उलट झाले: 8,000 नग बनले, 10,000 विकले गेले. मार्जिनल नफा 7,00,000 रुपये झाला. अॅब्सॉर्प्शनमध्ये न वापरलेल्या क्षमतेचे 1,60,000 रुपये त्याच महिन्याच्या खर्चात टाकावे लागल्याने नफा 5,40,000 रुपयेच राहिला. विक्री 2,000 नगांनी वाढूनही या पद्धतीत नफा केवळ 40,000 रुपयांनी वाढला, हे मालकाने नीट पाहिले पाहिजे, कारण एप्रिलमधला नफा काही प्रमाणात आवारातल्या ढिगाने दाखवलेला होता आणि त्या ढिगात 6,40,000 रुपयांचा बदलता खर्च अडकला होता. दोन महिन्यांची बेरीज मात्र दोन्हीकडे 10,40,000 रुपयेच येते. ताळा जुळवण्याचे सूत्र तेच ठेवावे: स्थिर खर्चाचा दर कायम असताना शिल्लक मालातील वाढघट गुणिले तो दर, म्हणजे दोन नफ्यांतील फरक.

वार्षिक हिशेबात निवड आपल्या हाती नसते. मालसाठ्याच्या मूल्यांकनाचा नियम असलेल्या लेखामानक 2 (AS 2) नुसार मालसाठ्याच्या मूल्यात स्थिर उत्पादन खर्चाचा वाटा सामान्य क्षमतेच्या आधारे धरावाच लागतो, आणि उत्पादन कमी झाले म्हणून नगाचा दर वाढवता येत नाही. त्यामुळे मार्जिनल पत्रक हे व्यवस्थापनासाठी दरमहा वेगळे तयार करावे.

त्याचा खरा उपयोग मेसारख्या महिन्यात होतो. समजा, एखाद्या नव्या ग्राहकाने 1,000 नगांसाठी 380 रुपयांचा दर देऊ केला. अॅब्सॉर्प्शनचा 400 रुपयांचा खर्च पाहिला तर ही ऑर्डर तोट्याची वाटते; मार्जिनल पत्रक सांगते की रिकाम्या क्षमतेवर ती 60,000 रुपयांचे अंशदान देते. ऑर्डर घ्यावी, पण नेहमीच्या ग्राहकांपर्यंत तो दर पोहोचणार नाही आणि तेवढीच भट्टी पुढे पूर्ण दराच्या मालासाठी लागणार नाही, याची खात्री करूनच.