पत्र्याच्या माळ्याखालची खोली रात्रीही तापते? माझा अनुभव

घर जुनं, मातीच्या भिंतींचं. वर फळ्यांचा माळा, त्यावर पत्रा. मे महिन्यात रात्री दहाला अंगणात वारं सुटलेलं असायचं, पण खोलीत वरच्या फळीला हात लावला तर ती गरमच.

पत्र्याला पांढरा रंग दिला. धूळ बसेपर्यंत फरक जाणवला. आतून थर्माकोल चिकटवला, तो उन्हाने सुटून पडला. फॉइल शीट माळ्यावर अंथरली, तिच्यावरही धूळ साचली. तीन उन्हाळे आईला ओसरीवर झोपावं लागलं, याचा फार त्रास झाला.

जमलं ते या क्रमाने. आधी मेन स्विच बंद केला. फॉइलमधून वीज वाहते, म्हणून वायरमनकडून जुन्या वायरी पाइपात घालून घेतल्या. मग माळा झाडून फळ्यांमधल्या फटी बुजवल्या. त्यानंतर तीच फॉइल वाशांच्या खालच्या अंगाला पट्ट्या ठोकून लावली, चकचकीत बाजू खाली. त्या बाजूवर धूळ बसत नाही, त्यामुळे उष्णता खाली फेकली जात नाही. पत्रा आणि फॉइलमध्ये वाशाच्या जाडीइतकी पोकळी ठेवा. फॉइल पत्र्याला चिकटली तर पत्र्याची उष्णता थेट तिच्यात उतरते. वळचणीला चार बोटं फट सोडली, आढ्याखाली दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळी बसवली. गरम हवा तिथून निघून जाते.

शेवटी फळ्यांवर 50 मिमी जाड रॉकवूल (दगड वितळवून केलेल्या तंतूंची गादी), कडेला कड भिडवून. दाबू नका, त्यातली हवाच काम करते. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

या मे महिन्यात आई आपल्या खोलीत झोपली.