पांढरा रंग वापरताना या चुका टाळा

बडोद्यातल्या हौशी चित्रकारांची कामं बघताना एक गोष्ट वारंवार जाणवते. निळा किंवा तांबडा निवडताना माणसं थांबतात, विचार करतात. पांढऱ्याची वेळ आली की हाताला येईल ती ट्यूब पिळतात. पांढरा म्हणजे बाकीचे रंग फिके करायची सोय, अशी समजूत पक्की बसलेली असते. चित्र बिघडतं ते बहुतेक या समजुतीमुळेच. पांढऱ्याचे प्रकार आहेत, त्याला उष्ण-शीत स्वभाव आहे (पिवळ्या-तांबड्याकडे झुकतो तो उष्ण, निळ्याकडे झुकतो तो शीत) आणि ज्या गावात, ज्या घरात तो वापरला जातो तिथला अर्थही त्याला चिकटलेला असतो.

चित्र खडूसारखं फिकट दिसतंय

ही सर्वांत मोठी तक्रार. कारण साधं आहे: उजेड दाखवायचा म्हणून प्रत्येक रंगात पांढरा घातलेला असतो. पांढऱ्याने रंग उजळतो खरा, पण थंडही पडतो आणि त्याचा तेजपणा जातो. तांबड्यात पांढरा घातला की गुलाबी मिळतो, उन्हातला तांबडा मिळत नाही. त्यासाठी आधी नारिंगीकडे किंवा पिवळ्याकडे झुका आणि पांढरा अगदी शेवटी, नखाएवढा घ्या. हिरव्या पानावरच्या उन्हालाही हेच लागू.

दुसरं कारण ट्यूबमध्येच असतं. टिटॅनियम व्हाइट फार जबरदस्त आहे, थोडाही पडला तरी शेजारच्या रंगाला गिळून टाकतो. झिंक व्हाइट पातळ, अर्धपारदर्शक आणि सौम्य, त्यामुळे हलक्या छटांसाठी तो सोयीचा पडतो. जलरंगात याच झिंकला चायनीज व्हाइट म्हणतात. विन्सर अँड न्यूटनने तो १८३४ साली बाजारात आणला. टिटॅनियम त्या मानाने तरुण, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे कारखान्यांतून बाहेर पडलेला. त्याआधीची शतकानुशतकं युरोपातल्या तैलचित्रांमधला पांढरा म्हणजे मुख्यतः शिशाचा सफेदा.

ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. तिथे रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक असतो: पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक, पीडब्ल्यू ६ म्हणजे टिटॅनियम, पीडब्ल्यू १ म्हणजे शिसं. ‘टिटॅनियम व्हाइट’ असं मोठ्या अक्षरात छापलेल्या अनेक ट्यूबमध्ये झिंकही मिसळलेलं असतं. ते कळण्याची जागा तेवढीच.

पांढरी साडी मळकी दिसतेय

इथे घाईने पुढे जाऊ नका, कारण पांढरं कापड रंगवता आलं की बाकी पुष्कळ काही आपोआप येतं. चूक अशी होते: साडी पांढरी, म्हणून आधी सगळीकडे पांढरा लावायचा आणि मग चुण्यांसाठी त्यात काळा कालवायचा. काळा आणि पांढरा मिळून जो करडा होतो तो निर्जीव असतो. कापड धुवायला टाकलेलं वाटतं.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे, तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून पौराणिक विषयांची एक मालिकाच करून घेतली होती. त्या चित्रांमधली फिकी वस्त्रं जरा वेळ देऊन बघा. दुरून पांढरं वाटणारं कापड जवळून मोतिया, राखाडी, पिवळसर, कुठे निळसर निघतं. निव्वळ पांढरा फार थोड्या जागी भेटतो, चुणीच्या कडेवर किंवा खांद्यावर. बाकी सगळ्या छटा त्या चार-दोन जागांसाठी पायघड्या घालतात.

आता आपल्या गच्चीवर वाळत घातलेलं धोतर दुपारी बघा. सावलीतला भाग निळसर दिसेल, कारण त्याच्यावर आकाशाचा उजेड पडतो. खालच्या बाजूला फरशीचा किंवा मातीचा तांबूस रंग चढलेला असेल. एका पुठ्ठ्याला छोटं भोक पाडून त्यातून कापडाचा एकेक तुकडा बघितला तर हे चटकन पटतं. शेजारचं काही दिसत नाही, म्हणून डोळा फसत नाही. सावलीसाठी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून करडा करा. तो उष्ण करायचा असेल तर सिएना वाढवा, थंड करायचा असेल तर निळा. काळी ट्यूब या कामापुरती बंदच ठेवा.

एवढं करूनही साडी उजळली नाही, तर साडीला हात लावू नका. मागची भिंत गडद करा. कागदाचा किंवा रंगाचा पांढरा कधीच उन्हाइतका झळकू शकत नाही. त्याला झळाळी शेजाऱ्याकडूनच मिळते. जलरंगात तर पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. तो सुरुवातीलाच राखून ठेवावा लागतो. मागाहून चायनीज व्हाइटचा ठिपका देऊन उजेड आणू म्हणणाऱ्याचं चित्र सहसा ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

पिवळा पडला, तडे गेले, काळा झाला

तेलरंगातला पांढरा पिवळा पडण्यात दोष बहुधा तेलाचा असतो. जवसाचं तेल वयाबरोबर पिवळं होतं, म्हणून पुष्कळ कंपन्या पांढऱ्यासाठी करडईचं तेल वापरतात. चित्र कपाटामागे अंधारात ठेवलं तर पिवळेपणा लवकर चढतो. चांगल्या उजेडात काही दिवस ठेवलं की त्यातला काही भाग उतरतोही. घाबरून वरून नवा थर देऊ नका.

तड्यांमागे अनेकदा झिंक असतं. तेलात झिंक व्हाइट वाळल्यावर ठिसूळ होतो, म्हणून तळाच्या थराला आणि जाड थरांना तो घेऊ नये. वरच्या पातळ झिलईपुरता ठीक.

रांगोळीची किंवा खडूची पूड तेलात कालवून स्वस्तात पांढरा करायचा प्रयत्नही काही जण करतात. पाण्यात ती पूड छान पांढरी दिसते, तेलात पडली की मळकट, काचेसारखी होते. प्रकाश वाकवण्याची तिची ताकद तेलाच्या जवळपास आहे, त्यामुळे कण तेलात जणू दिसेनासे होतात. टिटॅनियमची ताकद फार जास्त, म्हणून तो झाकतो. हार्डवेअरच्या दुकानातली सुटी पांढरी पूड, तिच्यात काय आहे हे माहीत नसेल तर, चित्रात घालूच नका.

शिशाच्या सफेद्याबद्दल दोन गोष्टी. तो विषारी आहे: जुन्या रंगाला पॉलिश पेपर मारून धूळ उडवणं, ब्रशचं टोक ओठांनी करणं हे दोन्ही घातक. आणि तेलाचं आवरण नसेल तर तो हवेतल्या गंधकाने काळा पडतो. जुन्या लघुचित्रांत मोत्यांचे उठावदार पांढरे ठिपके कधीकधी काळपट दिसतात ते यामुळे. इटलीत असिसीच्या चर्चमध्ये चिमाबुए या जुन्या चित्रकाराच्या भित्तिचित्रांतला सफेदा असा उलटला आहे की चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. घरात जुनं चित्र असेल आणि त्यात असे काळे डाग दिसले, तर ओल्या फडक्याने पुसू नका, जाणकार संवर्धकाला दाखवा. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघायला जाल तेव्हाही भिंतीला बोट लावू नका. एकोणिसाव्या शतकातलं मराठी बडोदं तिथे भिंतींवर शिल्लक आहे आणि ते नाजूक आहे.

पांढरा म्हणजे वैधव्य, पांढरा म्हणजे शांती

चित्रात दुःखी बाई दाखवायची म्हणून तिला पांढरी साडी नेसवणं ही सिनेमाने लावलेली सवय आहे. विषय जुन्या मराठी ब्राह्मण घराचा असेल तर ती चूक ठरते. तिथल्या केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर तांबडं आलवण, म्हणजे विधवेचं साधं लुगडं, असे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दांडिया बाजारातल्या वाड्याचं चित्र काढताना हा फरक चुकला, तर चित्रातलं घर मराठी उरत नाही.

त्याच गल्लीत पलीकडच्या गुजराती घरात लग्न असेल तर नवरी पानेतर नेसते. ते असतं पांढरं, त्यावर लाल काठ आणि बांधणी, आणि ते मामाकडून येतं. थोडं पुढे उपाश्रयाकडे, म्हणजे जैन साधू-साध्वींच्या मुक्कामाच्या जागेकडे, निघालेल्या श्वेतांबर साध्वी दिसतील, त्यांचा पांढरा वैराग्याचा. म्हणजे एकाच रस्त्यावर मंगल आणि विरक्ती एकाच रंगात चालत असतात. मग ‘पांढरा म्हणजे पावित्र्य’ असं एका ओळीत लिहून कसं भागेल? चित्रात अर्थ येतो तो काठामुळे, दागिन्यामुळे, कपाळावरच्या कुंकवामुळे, उभं राहण्याच्या ढबीमुळे. पानेतराचा लाल काठ काढून बघा, नवरी नाहीशी होते.

आपल्या परंपरेत पांढरा गंभीरच असतो असंही नाही. नाट्यशास्त्रात रसांना रंग दिले आहेत, त्यात हास्यरसाचा रंग पांढरा आहे. संस्कृत कवींनी कीर्तीही पांढरीच मानली. सरस्वतीचं वस्त्र रंगवताना हे लक्षात असेल तर चेहऱ्यावर उगाच सुतकी भाव येणार नाही.

शिल्पांच्या बाबतीतही एक गैरसमज मोडायला हवा. ग्रीक संगमरवर मुळात रंगवलेला होता. त्याचा कोरा पांढरेपणा काळाने केला, कलावंताने नव्हे. उलट वेरूळचं कैलास लेणं आज काळ्या दगडाचं म्हणून मनात ठसलं आहे, पण त्यावर पांढरा गिलावा होता आणि त्याचे अवशेष अजून दिसतात. ‘प्राचीन’ म्हटलं की पांढरं किंवा काळं ठरवून टाकण्याआधी हे आठवावं.

रिकामी जागा भरून टाकायची घाई

चित्रकार नसरीन मोहम्मदी १९७२ पासून बडोद्याच्या फाइन आर्ट्स महाविद्यालयात शिकवत होत्या, १९९० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. कागदावर शाईच्या आणि पेन्सिलीच्या नेमक्या रेषा, बाकी कागद मोकळा. त्यांची रेखाटनं बघितली की कळतं, तो मोकळा भाग रेषांइतकाच मोजून ठेवलेला आहे. नवशिक्याच्या चित्रात पांढरा भाग बहुतेक वेळा उरलेला असतो, ठेवलेला नसतो. तपासायचं असेल तर चित्र उलटं धरा. पांढऱ्या तुकड्यांचे आकार वेगवेगळे आणि ठाम दिसले तर हात लावू नका. सगळे सारख्याच मापाचे दिसले तर रचना बदला.

फोटो आणि फ्रेम

मोबाइलने चित्राचा फोटो काढला की पांढरा करडा होतो, कारण कॅमेरा सगळं मध्यम उजेडाचं धरून चालतो. एक्सपोजर थोडं वाढवा, खोलीतला पिवळा दिवा बंद करा आणि खिडकीपाशी, थेट ऊन न पडणाऱ्या जागी फोटो घ्या. चित्राशेजारी कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवला तर रंग नंतर जुळवता येतात. फ्रेम करताना दुकानदार बहुधा झगझगीत पांढरा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, सुचवतात. तो चित्रातल्या पांढऱ्यापेक्षा उजळ असला तर तुमची राखून ठेवलेली जागा जुनाट, मळकी दिसते. चित्र दुकानात घेऊन जा, मोतिया आणि फिका करडा असे दोन-तीन नमुने कडेला धरून बघा, आणि चित्रातल्या सर्वांत उजळ जागेपेक्षा एक पायरी गडद असेल तो माउंट घ्या.